पानावरून ओळखलेली रास्ना

तंजावूरहून परत आल्यावर पंधरा दिवसांत लेख देते, असं मी आमच्या मंडळाच्या अंकवाल्यांना कबूल केलं होतं. त्याला सात महिने झाले. भेटतील तिथे ते विचारतात, "काय बाई, देऊळ बघून झालं, लेख कुठाय?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. नुसत्या देवळावर लिहायला काही अडचण नव्हती. पण तिथे मी जे करून आले ते गाळून लिहायचं तर ते प्रवासवर्णन नव्हे, थापा. म्हणून सगळंच लिहिते.

मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमऱ्या, म्हणजे शहरातले लोक ज्यांना ऑर्किड म्हणतात आणि खेड्यातले ज्यांना सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतात, त्या माझ्या लाडक्या. आमरी वर्षातून दोन-चार आठवडे फुलते, उरलेले दिवस नुसती पानं. फूल नसताना तिला ओळखायचं कसं, यावर मी काही वर्षं खपले आणि एक तक्ता केला. पानाचा शेंडा पाहायचा आणि नाव सांगायचं. शेंडा कुरतडल्यासारखा, तीन दातांचा असला तर रास्ना. दोन बोथट पाळ्या असल्या तर अकॅम्पे, म्हणजे रास्नेचीच जाड पानांची, बारीक पिवळ्या फुलांची चुलतबहीण. सहलीला गेलो की मुलींना झाडाखाली उभं करून मी दुर्बीण वर लावायची आणि फटाफट नावं सांगायची. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. त्यात मला केवढं सुख होतं, ते आज लिहितानासुद्धा कानकोंडं व्हायला होतं.

गोविंदराव माझ्या ओळखीचे झाले ते अंबाबाईमुळे. तंजावूरला बँकेत असतात, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब दर्शनाला आले आणि आमच्या दारात पत्ता विचारायला थांबले. चहा झाला, पुढे पत्रं सुरू झाली. पत्रं इंग्रजीत, कारण त्यांना देवनागरी वाचता येत नाही. नोव्हेंबरात त्यांनी लिहिलं: तिरुवैयारूजवळच्या खेड्यात माझी विधवा आत्या राहते, तिच्या शेताच्या कडेला मोहाचं जुनं झाड आहे, त्यावर तुमच्या त्या आमऱ्या आहेत. जमीन भावकीची, ती विकली गेली. तिथे नवी भात गिरणी होणार, नाताळाच्या सुट्टीत झाड पडणार. आत्या त्या रोपांपायी हवालदिल झाली आहे. तुम्ही या आणि वाचवता येतील ती वाचवा.

इतक्या मानानं बोलावल्यावर मी कसली थांबते.

तंजावूर

प्रवासाबद्दल एवढंच सांगते, की पानं दाबायच्या माझ्या दोन लाकडी फळ्या आणि त्यांना बांधलेले पट्टे पाहून प्रत्येक स्टेशनावर कुणी ना कुणी विचारत होतं, हे कसलं वाद्य.

गोविंदरावांच्या घरी पोचल्याबरोबर पितळी वाटी-पेल्यातली कॉफी. पेल्याला ओठ न लावता वरून ओतून प्यायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लावले. गोविंदरावांच्या बायकोनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. जेवायला केळीच्या पानावर रसवांगी, म्हणजे वांगी, डाळ आणि खोबऱ्याचं एक आंबटसर प्रकरण. वांगं असं नांदतं करायची कल्पना आपल्याकडे कुणाला कशी सुचली नाही, असं मनात आलं. मग रसम आलं. ते पान सोडून थेट माझ्या मांडीवर. नवी साडी, पहिलाच दिवस. घरात टीव्हीवर केबलचं हिंदी गाणं लागलेलं, दोन मुली ते बघत होत्या. त्यांना मराठी कळे, पण उत्तर तमिळमधून येई.

संध्याकाळी मोठ्या देवळात गेलो. तिथल्या भिंतीवर मराठीत कोरलेला भलामोठा लेख आहे, भोसल्यांच्या वंशाचा. गोविंदराव लहानपणापासून त्या भिंतीपुढून जातात, पण त्यातलं एक अक्षर त्यांना लागत नाही. म्हणाले, "मॅडम, वाचून दाखवा. आमच्या घरचं कोणी वाचलं नाहीं कधीं." मुली, बायको, सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी वाचायला लागले. अक्षरं आपलीच, पण जोडून कोरलेली, वळण जुनं. चार ओळींवर मी अडले. "एवढं लागत नाही," असं म्हणायला काय झालं होतं? पण नाही. मी अंदाजानं पुढचं रचलं आणि ठासून वाचलं. गोविंदरावांनी भिंतीला हात जोडले. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट बरं निभावलं असंच वाटलं.

अक्काचं गाव

दुसऱ्या दिवशी गोविंदरावांच्या मोपेडवर मागे मी, मांडीवर फळ्या. दोन्ही बाजूंना हिरवंगार भात, मध्ये पाण्याचे पाट, पाटांत म्हशी. आमच्याकडे डिसेंबरात ऊस सोडला तर रान करडं होतं, इथे डोळे निवतात. तिकडचा मार्गळी, म्हणजे आपल्या मार्गशीर्षासारखा पवित्र महिना, म्हणून प्रत्येक दारात हातभर रांगोळी आणि तिच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल.

आत्याला सगळं गाव अक्का म्हणतं, गोविंदरावही. पासष्टीच्या पुढची, काटकुळी, नऊवारीतली बाई. मूलबाळ नाही. "हिंगडे या, बसा. प्रवास बरा जाला?" तिचं मराठी ऐकून मला आमच्या आजोबांची पोथी आठवली. मी हसून म्हटलं, "अक्का, आता 'इकडे' म्हणतात, 'झाला' म्हणतात." ती म्हणाली, "असो. तुमच्याकडलें नीट असेल." आणि माझ्यासमोर ती पुढे जपून, तोलून बोलायला लागली. आल्या आल्या मी त्या माउलीचं बोलणं कमी केलं.

ओसरीवर दोन बायका आधीच बसल्या होत्या. त्यातली शेजारची सेल्वी, दुसरी पाटापलीकडच्या वस्तीवरची. कान ठणकायला लागला की आसपासच्या चार गावांतले लोक अक्काकडे येतात. अक्कानं स्वयंपाकघरातून पानाचा दोन बोटांएवढा तुकडा आणला, चुलीच्या राखेत शेकला, मुठीत पिळला आणि वस्तीवरच्या बाईच्या कानात दोन थेंब सोडले. मग सगळ्या तासभर गप्पा मारत बसल्या. जाताना त्या बाईनं केळीचा फणा ठेवला. मी कॉफी पीत होते. पानाचा तुकडाच का, उरलेलं पान कुठे, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या बाईला पडला नाही.

त्या गेल्यावर अक्का म्हणाली, "सासूनं दाखवलें हें पान मज, चौदाव्या वर्षीं. डोळे मिटायला लावून हातांत द्यायची, ओळख म्हणायची. आतां झाड गेलें तर हिंगडे कोण येतें? मी काय एकटीच भिंतीशीं बोलूं?" आणि मग हळूच, "तेवढें एक वाचवा, बाई."

मी म्हटलं, काळजीच करू नका.

मोहाखाली

मोहाला तिकडे इलुप्पै म्हणतात. झाड खरंच जुनं, चौघांच्या कवेत न मावणारं. खोडावर, हात पोचेल तिथपासून डोक्यापर्यंत, आमऱ्यांचे झुपके. वर फांद्यांवर आणखी. फूल एकालाही नाही, ते उन्हाळ्यात यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणारे येणार होते. माडावर चढणारा मुत्तू मदतीला होता, पण एका दिवसात एका माणसाच्यानं पाच-सहा रोपंच निघणार. खालच्यांची मुळं खोडाच्या सालीत रुतलेली, साल तासल्याशिवाय सुटणारी नव्हती. वरच्यांना फांदीसकट करवतून उतरवता येत होतं. म्हणजे निवड करायची होती, आणि ती करायला मी कोल्हापूरहून आले होते.

अक्का सरळ खालच्या झुपक्यांपाशी गेली. पानांवरून हात फिरवत म्हणाली, "हें. हें घ्या."

मी पुढे होऊन पाहिलं. शेंडे बोथट. दात नाहीत, सरळ आडवे. मी दुर्बीण वर लावली. फांद्यांवरच्या पानांचे शेंडे फाटलेले, टोकेरी दिसले.

"अक्का, ही खालची अकॅम्पे आहे," मी म्हटलं. "रास्ना वर आहे."

"नाहीं बाई. औषध हें आहे. हात लावून पाहा, हें वेगळें लागतें."

"हाताचं सोडा. शेंडा पाहायचा असतो."

"शेंडा मीच तर..." ती सांगायला लागली. मी तिला पुरतं बोलूच दिलं नाही. मी तक्ता काढला आणि गोविंदरावांना चित्र दाखवून समजावलं, तीन दात आणि दोन पाळ्या. मुत्तूसुद्धा मान हलवायला लागला. आणि मग जे वाक्य बोलले ते मला आजही जेवताना मध्येच आठवतं. मी म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही चुकीचंच पान लोकांच्या कानात घालत आलात."

अक्कानं हात पानावरून काढून घेतला.

"लोकांना बरें वाटत होतें," ती म्हणाली.

"शेकलेल्या कशानंही थोडं बरं वाटतंच."

गोविंदराव मधे पडले. "अक्का, मॅडम कॉलेजांत शिकवतात. त्यांस कळतें." अक्का मागे वळली. पाटाच्या कडेला जाऊन बसली. मुत्तू वर चढला. पहिली फांदी खाली आली तेव्हा मी शेंडे हातात घेऊन पाहिले, हे मी लपवणार नाही. दोन पाळ्या होत्या, वाळून चिरलेल्या. तिसरा दात नव्हता. मी स्वतःला सांगितलं, उन्हानं झडला असेल. पानंही जाड होती. ऊन फार, म्हणून जाड झाली असतील. एवढं सगळं मी मनात रचलं, कारण चार माणसांसमोर ठासून बोलले होते.

तिसऱ्या प्रहरी अक्का परत आली. "खालचें एक तरी घ्या. वेळ उरला तर."

"त्याच्या मुळापायी वरची दोन जातील, अक्का."

ती बरं म्हणाली. संध्याकाळपर्यंत वरची सहा रोपं उतरली. अक्काच्या परसात आंबा होता, त्याला ती काथ्यानं बांधली. बांधताना काथ्या अक्कानंच ओढून धरला, गाठी तिनंच मारल्या.

परसातला आंबा

सकाळपासून शेताकडून कुऱ्हाडींचा आवाज येत होता. दुपारी तो थांबला. अक्का तिकडे गेली नाही. तिनं पोळ्या केल्या, माझ्यासाठी मुद्दाम, एरवी त्यांच्याकडे भातच. तव्याला लागल्या, तरी मी तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मी निघणार होते. सकाळी सेल्वी आली. एका हातानं कान दाबलेला, डोळ्यांत पाणी. अक्का परसात गेली, मीही मागून. तिनं आंब्यावरच्या एका पानाला हात लावला, सोडला, दुसऱ्याला लावला. माझ्याकडे वळून विचारलं, "हें घालूं?"

चाळीस-पन्नास वर्षं ज्या बाईनं कुणाला विचारलं नव्हतं, ती मला विचारत होती. मी म्हटलं, "घाला."

तिनं पान धरलं आणि नखानं शेंड्याकडचा दोन बोटांचा तुकडा खुडला. तुकडा हातात घेतला, पान झाडावर राहू दिलं. पानाचं उरलेलं टोक आडवं, बोथट, सरळ.

मी ते पान हातात धरलं. आमच्याकडे रास्ना पाहिजे असली की लोक अख्खं रोप मुळासकट ओरबाडून आणतात, काष्ठौषधीच्या दुकानात मुळ्यांचे भारे विकायला असतात. पान जिवंत ठेवून नुसता शेंडा खुडायची रीत मी कुठे पाहिली नव्हती. मोहावरच्या खालच्या एकाही जून पानाला शेंडा नव्हता, कारण तो सासूनं आणि सुनेनं वर्षानुवर्षं खुडून लोकांच्या कानात पिळला होता. तेच अक्का सांगत होती आणि मी तिला तोडलं होतं. झुपक्याच्या मधलं एक कोवळं पान वाकवून पाहिलं असतं तरी दात दिसले असते. तेही मी केलं नाही.

आणि एवढं कळल्यावर मी काय केलं? खरं बोलले का? सेल्वी समोर होती. मी म्हटलं, "अक्का, रोप नुकतं हलवलंय, आज पान नको. तिला डॉक्टरकडे पाठवा." अक्कानं तमिळमध्ये सेल्वीला काहीतरी सांगितलं. सेल्वी कानावरचा हात न काढता गेली. यात कान सेल्वीचा ठणकत राहिला आणि तोंड माझं वाचलं.

मग मी मुत्तूच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शेतात गेले. मोहाचं बूड राहिलं होतं, ओलं. खोड वखारीला गेलेलं. साल आणि ढलप्या वीटभट्टीवर नेल्या, असं मुत्तूनं हातवारे करून सांगितलं. भट्टीवर गेलो. माणसं ढीग आत सारत होती. मी ढिगात हात घातले, साडी काळी झाली, मजूर हसायला लागले. सालीच्या एका तुकड्यावर चेचलेला एक बुंधा मिळाला, मुळं करपलेली. त्याच्या मधलं पान कोवळं होतं, कुणी न खुडलेलं. शेंड्याला तीन दात.

परत येऊन मी ते पान अक्कापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. देवळातल्या भिंतीवर मी रचून वाचलं तेही सांगितलं, कारण सुरुवात तिथून झाली असं मला वाटत होतं. रडलेही. अक्कानं माझ्या हातांना पाणी घातलं. बराच वेळ ती त्या पानावरून बोट फिरवत होती.

मी म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं, अक्का. तुमच्या हाताचं."

ती म्हणाली, "तुम्ही शिकल्यासवरलेल्या. तुमचें चुकतें. मग माझें चुकत नव्हतें, हें कशावरून?"

मी फळ्यांचे पट्टे आवळायला घेतले. गोविंदराव न्यायला आले. मी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "असूं दे मॅडम, होतें." पण वाटेत एरवीसारखे बोलले नाहीत. तिरुवैयारूला कावेरीच्या पुलावर मोपेड थांबवून त्यांनी मला पाणी दाखवलं. मी पाहिलं. कसं होतं ते विचाराल तर आठवत नाही.

कोल्हापूर

हात दाखवून अवलक्षण करून मी परत आले. आमच्याकडे रास्नेला तोटा नाही. फेब्रुवारीत पन्हाळ्याच्या वाटेवर एका आंब्यावरून मी एक चांगलं रोप सोडवलं, मुळं ओल्या काथ्यात गुंडाळली, खोक्याला भोकं पाडली आणि पार्सल केलं. बरोबर पत्र लिहिलं की अक्का, ही अस्सल रास्ना, बांधा आणि वापरा. पार्सल केलं त्या रात्री मला झोप लागली. फिटंफाट झाली असं वाटलं असणार.

गोविंदरावांचं उत्तर जूनमध्ये आलं. इंग्रजीत, जपून लिहिलेलं. आम्ही उतरवलेल्या सहाही रोपांना बारीक पिवळी फुलं आली होती. माझं पार्सलातलं रोप जगलं, नवी मुळं फुटली, पण या वर्षी ते फुललं नाही. लोक आधी येत होते, आता फारसे येत नाहीत. कुणी आलंच तर अक्का त्यांना तिरुवैयारूच्या दवाखान्यात जायला सांगते. रोपाच्या पानांना ती रोज हात लावते, हाताला बरोबर लागतं म्हणते, पण खुडत नाही. म्हणते, फूल दिसल्याशिवाय कुणाच्या कानात घालायची नाही. शेवटी लिहिलं होतं: अक्कानं तुम्हाला एक विचारायला सांगितलं आहे. हे रोप पाठवलंत, त्याचं फूल तुम्ही पाहिलं होतं का?

मी ते रोप फेब्रुवारीत काढलं होतं. फूल नव्हतं. पानावरूनच ओळखलं होतं.

पाहिलं होतं, असं लिहिलं असतं तर अक्कानं दुसऱ्या दिवशी पान खुडलं असतं, सेल्वी आली असती, ओसरी भरली असती. आणि माझी खात्री आहे, रोप रास्नाच आहे. दोन दिवस मी कागद पुढे घेऊन बसले. मग लिहिलं, की नाही पाहिलं. तुमचा हात काय म्हणतो तेच खरं माना.

पत्र जाऊन महिना झाला. उत्तर आलेलं नाही.